माझ्या गालातली हायब्रीड गाठ

मी दारव्ह्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. नाव प्रभाकर, पण ट्रंपेटला इकडे पोंगा म्हणतात, म्हणून गावात मी ‘पोंगावाला परभाकर’. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानाखाली एक गाठ आली. ती कशाची आहे हे कळल्यावर जीपमधल्या अनोळखी माणसांपासून सासऱ्यांपर्यंत सगळे माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहायला लागले. आता मी बरा आहे.

मधे उमरखेडकडच्या एका माणसाचा फोन आला. त्याच्या बहिणीला तशीच गाठ निघाली होती. औषधाचं तो काही विचारत नव्हता, ते डॉक्टरांनी लिहून दिलंच होतं. तो म्हणाला, “भाऊ, तवा तुमी घरात कसे राह्यले? लोकाइले काय सांगतलं? भेव वाटे तवा काय करत होते?” फोनवर जमलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहितो.

गाल खाली कर

गाठ पहिल्यांदा सलीमभाईला दिसली. सलीमभाई आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. बँड आम्ही दोघांनी मिळून काढलेला. एका वरातीत गाणं संपलं, मी ट्रंपेट खाली घेतलं आणि रुमालानं तोंड पुसत होतो.

“अबे परभाकर, गाणं संपलं. गाल खाली कर.”

“खालीच हाय.”

“उजवा खाली हाय. डावा वाजवूनच राह्यला.”

मी हात लावून पाहिलं. कानाच्या पाळीखाली बोरासारखं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आमच्या घराण्यात कोणी दवाखान्यात गेलेलं नाही, त्यामुळे मीही गेलो नाही. बोराचं लिंबू झालं तेव्हा शेजारच्या म्हातारीनं गालफुगी ठरवली आणि गेरूचा लेप लावून दिला. शेचाळीस वर्षांचा माणूस एका गालाला गेरू फासून ऑर्डर ठरवायला गेलो, तर नवरीच्या बापानं विचारलं, “तुमच्या बँडात नाचणारा बी हाय काय?”

नंतर दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक दाढ काढली. दाढ गेली, गाठ राहिली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुंकणाऱ्या माणसांच्या लाळेच्या ग्रंथीत कधी कधी हवा शिरते, वाजवणं बंद झालं की उतरेल. मला हे पटलं. आयुष्यभर हवा भरली, थोडी आत राहिली असेल. पावसाळ्यात बँड बंद असतो. चार महिने पोंगा खोळीत होता. गाठ मात्र वाढतच होती.

खरी भीती सुरू झाली ती न्हाव्याच्या खुर्चीत. दाढी करताना त्याचा वस्तरा गाठीपाशी थांबला. हा माणूस एरवी दाढी करताकरता पंचायत समितीपासून क्रिकेटपर्यंत सगळं बोलतो. त्या दिवशी तो गप्प झाला आणि शेवटी हळूच म्हणाला, “भाऊ, एकदा यवतमायले दाखवून घ्या.” आमच्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या माणसाच्या गालावर काही आलं की सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो. मी खर्रा सोडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याआधी खाल्ला होता तोही भरपूर. तेव्हापासून लोक माझ्याशी गोड बोलायला लागले. ज्या ढोलवाल्याशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं, तो घरी येऊन पपई देऊन गेला. त्या पपईनं मी जेवढा घाबरलो तेवढा त्या गाठीनंही घाबरलो नव्हतो.

निदानाचा दिवस

यवतमाळला मी आणि पुष्पा गेलो. पुष्पा माझी बायको, अंगणवाडी सेविका आहे. लहान पोरांना हात धुवायला लावणं आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी चावून खायला लावणं, ही तिची कामं. दोन्ही कामांत ती कडक. तिच्या अंगणवाडीतून कोणतंही पोर गोळी गालात लपवून घरी गेलेलं नाही.

सोनोग्राफीचे डॉक्टर आधी कोणाशी तरी फोनवर बोलत बोलत माझ्या गालावरून मशीन फिरवत होते. मग त्यांनी फोन ठेवला. मग बाजूच्या खोलीतून एका डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी आणखी दोघांना. नवरदेवाच्या घोड्याभोवतीसुद्धा एवढी गर्दी नसते. त्यातला एक तरुण डॉक्टर पडद्याकडे बघून एकदम आनंदानं म्हणाला, “सर, लाळेच्या ग्रंथीत मी पहिल्यांदाच बघतोय!”

डॉक्टरला एवढा आनंद झाला की पेशंटनं घाबरावं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, “साहेब, कॅन्सर हाय काय?”

“नाही, नाही. तसं दिसत नाही. ही हायडॅटिड असावी. जंताची गाठ. पाण्यानं भरलेली मोठी गाठ आणि तिच्या आत लहान लहान गाठी.”

मी पुष्पाकडे पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं. जंत! फक्त जंत! जगातल्या सगळ्या जंतांना मी मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात त्या तरुण डॉक्टरानं माहिती लिहायला घेतली. “शेळ्या-मेंढ्या पाळता का? मटण खाता का? कत्तलखान्याजवळ राहता का? हा जंत मेंढरांमधून फिरतो, म्हणून विचारतोय.”

पुष्पाचं रडणं अर्ध्यावर थांबलं. पदर डोळ्यांवरून खाली आला.

इथं थोडं घरचं सांगावं लागेल. पुष्पाचं माहेर महानुभाव पंथाचं, उमरखेडजवळचं. त्या घरात पिढ्यान् पिढ्या मांसाला हात लागलेला नाही. आमच्या घरी मात्र दर रविवारी मटण शिजायचं आणि त्याचा रस्सा चुरलेल्या भाकरीवर घेऊन मी लहानाचा मोठा झालो. लग्न ठरताना सासऱ्यांनी एकच अट घातली होती. मी शब्द दिला. वीस-एक वर्षं झाली, मी तो मोडला नाही. बँडवाल्यानं हा शब्द पाळणं सोपं नसतं. गावोगावी जेवायला बसतो आम्ही, आणि कितीतरी ठिकाणी वाजवून झाल्यावर समोर झणझणीत रस्सा येतो. मी वरण-भात मागून घेत आलो.

परतीच्या जीपमध्ये आम्ही दोघं मधल्या सीटवर दाबून बसलो होतो. लाडखेड मागे पडेपर्यंत पुष्पा एक शब्द बोलली नाही. मग समोर बघतच म्हणाली, “कुठं खाल्लं?”

“काय?”

“मटण.”

“पुष्पा, म्या खाल्लं नाई.”

“डॉक्टर काय येडे हायेत काय? मेंढराचा जंत तुमच्या गालात काय जीपनं आला?”

मागच्या सीटवरचा एक माणूस पुढे वाकला. “भाऊ, खाल्लं असन त सांगून टाका. डॉक्टरपासी न् बायकोपासी काही लपवू नाई.”

“तुमी मधात कायले बोलून राह्यले?” मी म्हटलं.

“जंताची गोष्ट हाय, आपल्याले बी माहीत असलेली बरी,” तो म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. उरलेल्या वाटेत त्या जीपमध्ये माझ्या खाण्यापिण्यावर मोकळी चर्चा झाली. त्यात मी सोडून सगळे बोलले.

उतरल्यावर सलीमभाईला फोन लावला.

“काय म्हणते डॉक्टर?”

“हायडॅटिड हाय म्हणते.”

“हायब्रीड?”

“हायडॅटिड. जंताची गाठ.”

“अबे, कपाशी हायब्रीड आयकली, जवारी हायब्रीड आयकली. गाठ बी हायब्रीड यायले लागली काय?”

आठवडी बाजारापर्यंत ही बातमी पसरली होती. दारव्ह्यात आजही माझ्या आजाराचं नाव हायब्रीड गाठ आहे.

सासऱ्यांची तपासणी

पुष्पानं माहेरी फोन केला असणार, कारण दोन दिवसांत मामाजी आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. एसटीतून उतरले, पाय धुतले, पाणी प्याले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. आवाज चढवणारा माणूस नाही तो. त्यामुळे जास्त त्रास होतो.

“जावईबुवा, मी रागावणार नाई. खरं सांगा.”

“मामाजी, नाई खाल्लं.”

“मटण नसन खाल्लं. रस्सा?”

“नाई.”

“वरची नुसती तर्री?”

“नाई, मामाजी.”

“चमचा तोच बुडवला असन कोणी. वरणात.”

“त्याचं म्या कसं सांगू?”

मामाजींनी खुर्ची मागे सरकवली. “मंग डॉक्टरलेच विचारतो,” ते म्हणाले. “मी बी येतो यवतमायले.”

आजारी माणसाला दुखण्यापेक्षा जड जातं ते खरं बोलूनही कोणी विश्वास न ठेवणं. रात्रीचं जेवण पुष्पा वाढायची तेव्हा ताट नेहमीसारखंच असायचं, पण ती समोर बसायची नाही. आमच्या घरात खरंच जे बिघडलं ते एवढंच, पण तेवढं पुष्कळ होतं. दिवसा मात्र ती शेजारणींना सांगायची, “डॉक्टर चांगले हायेत, काही भेव नाई.” जंताच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईच्या नवऱ्याला जंत झाला, हे बोलून लोक तिला हसत होते. तेही ती एकटीच सोसत होती.

पेढ्या

मोठ्या डॉक्टर मॅडमनी बोलावलं त्या दिवशी आम्ही बँडच्या गाडीतून गेलो. मी, पुष्पा, मामाजी, आणि चालवायला सलीमभाई. गाडीच्या टपावर कर्णे आणि चारी बाजूंनी लाइटा. दवाखान्याच्या फाटकात वॉचमन म्हणाला, “वरात इकडं नाई, मंगल कार्यालय पुढं हाय.”

मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गाठ पाहिली, रिपोर्ट पाहिले. काही बोलणार तेवढ्यात मामाजींनी हात जोडले.

“मॅडम, एक विचारतो. हा जंत मटण खाल्ल्यानं होते ना?”

“नाही, काका.”

“नाई?”

“हा टेपवर्म, फितीसारखा जंत, मुळात कुत्र्याच्या आतड्यात राहतो. मेंढराच्या किंवा बकऱ्याच्या लिव्हर-फुफ्फुसांत त्याच्या गाठी असतात. ते कच्चं टाकलेलं कुत्र्यानं खाल्लं की जंत कुत्र्यात जातो. मग त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत, पाण्यात, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर. तिथून हातातून नाहीतर न धुतलेल्या कोथिंबिरीतून माणसाच्या पोटात. पोटातून रक्तात, आणि रक्तातून बहुतेक वेळा लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात. यांच्या गालात आलाय, हे फार क्वचित होतं. पण शिजवलेल्या मटणाचा इथं काही संबंध नाही. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही होतो.”

मी पुष्पाकडे बघितलं नाही. बघायचं फार मनात होतं.

“घरी कुत्रा आहे का?” मॅडमनी विचारलं.

आहे. पेढ्या नाव. पेढ्याच्याच रंगाचा. पुष्पानं अंगणवाडीच्या मागून उचलून आणलेलं पिल्लू. त्याला तिनं स्वतःच्या हातानं दूध-पोळी घालून वाढवलं होतं. मी वाजवून घरी आलो की तो आधी माझ्या अंगावर चढायचा, मग तोंड चाटायचा.

“हाय,” पुष्पा म्हणाली. “पण तो शाकाहारी हाय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कोण?”

“पेढ्या. आमचा कुत्रा. आमच्या घरात कोणी खातच नाई, तर तो कुठून खाईन?”

दारापाशी उभ्या असलेल्या सलीमभाईला खोकला आला. तो दाबायला गेला आणि जास्तच आला.

“वहिनी,” तो म्हणाला, “आता सांगू नाई म्हणत होतो. पेढ्या रोज सकायपासून बकऱ्याच्या दुकानामागं बसून राह्यते. तिथं त्याचा डबा लागला हाय.”

“आमचा पेढ्या?”

“तुमचा. दुकानवाला कापता कापता काही फेकते न् हा वरच्यावर धरते. मोहल्ल्यात सगळ्याइले माहीत हाय.”

पुष्पा खाली बघत राहिली. मामाजी हळूहळू माझ्याकडे वळले.

“म्हणजे खाणारा घरातच होता.”

“होता, मामाजी. पण तो मी नव्हतो.”

मामाजींनी दोन्ही हात जोडले. “दंडवत, जावईबुवा,” असं म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मॅडमना हसू आलं होतं, पण त्यांनी पेढ्यावरही सगळा आळ येऊ दिला नाही. म्हणाल्या, ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. कुठल्या गावच्या कुठल्या कुत्र्यामुळे, कुठल्या पंगतीतल्या कुठल्या काकडीमुळे, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. त्यानं गाल चाटला म्हणून गालात गाठ आली असंही नाही. कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध द्या, कच्चं मांस खाऊ देऊ नका, त्याला हात लावला की साबणानं हात धुवा.

“हात धुवा” ऐकल्यावर पुष्पानं डोळे मिटून घेतले. रोज पन्नास वेळा ती हेच वाक्य दुसऱ्यांना सांगते.

मग मॅडमनी आपल्या स्वतःच्या गालावर बोटं पसरून हाताचा पंजा ठेवला. “चेहऱ्याची नस या ग्रंथीतून अशी जाते. पाच बोटांसारखी. गाठ तिला चिकटून आहे. गाठ न फोडता काढायची आणि नस वाचवायची. मी पूर्ण प्रयत्न करीन. पण वचन देत नाही. ओठ, डोळा, डावी बाजू काही काळ ढिली पडेल. कदाचित कायमची. तुम्ही काम काय करता?”

“ट्रंपेट वाजवतो, मॅडम.”

त्यांनी पंजा गालावरून खाली घेतला. “आजपासून बंद. एक फुंकसुद्धा नाही. गाठ फुटून आतलं पाणी अंगात पसरलं तर जिवावर बेतू शकतं.”

बाहेर आल्यावर सलीमभाईनं गाडी सुरू केली नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. त्याच्या मुलाचं, इम्रानचं लग्न पुढच्या वर्षी वणीला ठरलं होतं.

“इम्रानच्या वरातीत पोंगा तूच वाजवशीन,” तो म्हणाला. “दुसरा कोणी नाई.”

“अन् ओठ मिटलेच नाई त?”

“मंग बिनपोंग्याची वरात काढू. लोकाइले सांगू, नवी फॅशन हाय.”

हसायला बंदी

ऑपरेशनआधी काही आठवडे गोळ्या घ्यायच्या होत्या. पाकीट बघून पुष्पा म्हणाली, “ही त आमचीच गोळी हाय.” अंगणवाडीतल्या पोरांना एकच असते, मला दोन वेळा, जेवणासोबत. पण पद्धत तिनं बदलली नाही. समोर उभी राहायची. “घ्या. गिळली? आ करा. जीभ वर.” मग गाल तपासायची. आता ती माझ्यासमोर जेवायलाही बसत होती. त्या दिवसाबद्दल तिनं माफी मागितली नाही, मीही तो विषय काढला नाही. फक्त वरणावर टाकायचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, ती इतक्या वेळा धुवायची की शेवटी त्याला वासच उरायचा नाही.

पेढ्यालाही गोळी होती. ती पेढ्यात घालून दिली. त्यानं पेढा खाल्ला आणि गोळी माझ्या चपलेत थुंकली. शेवटी पुष्पानं त्यालाही अंगणवाडीच्या पद्धतीनं आ करायला लावला. मामाजी म्हणत होते कुत्रं सोडून द्या दूर. मी नाही म्हटलं. डबा बंद झाला, सकाळी साखळी बांधली, एवढी शिक्षा पुरे होती.

लिव्हर आणि छाती तपासली. दोन्ही साफ निघाली. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून केळी खाल्ली. एवढं गोड केळं मी आजवर खाल्लेलं नाही.

पण गाठ फुटेल ही भीती डोक्यात बसली ती बसलीच. शिंक आली की मी भिंत धरायचो. जांभईसुद्धा अर्धीच द्यायचो. पुष्पानं घरात कायदा केला की मला कोणी हसवायचं नाही. मॅडमनी असं काही सांगितलं नव्हतं, हा कायदा तिचाच. आणि सगळ्यात मोठा धोका होता सलीमभाई. त्याला घरात येण्याआधी ती दारातच बजावायची. बिचारा यायचा, तोंडावर रुमाल धरून बसायचा, कपाशीचा भाव, पाण्याची टाकी असल्या कोरड्या विषयांवर बोलायचा. बोलता बोलता आमची नजरानजर व्हायची आणि त्याचे खांदे हलायला लागायचे. मग मी गाल दोन्ही हातांनी धरून म्हणायचो, “जाय बाप्पा, जाय घरी.” तो उठून जायचा आणि रस्त्यावर जाऊन हसायचा. मला आतून ऐकू यायचं. त्या दिवसांत बरं वाटायचं ते त्या आवाजानं.

डोळा मारणारा पेशंट

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जाताना पुष्पानं माझ्या उजव्या गालावर हात फिरवला, डाव्याला लावायची तिला भीती वाटत होती, एवढं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, “गाठ अख्खी निघाली. फुटली नाही. नस कापलेली नाही, पण खूप ताणली गेलीय. वाट बघू.”

वाट बघू, म्हणजे काय, ते चहा आला तेव्हा कळलं. उजवीकडून घोट घेतला, डावीकडून बाहेर आला. चेहऱ्याची डावी बाजू ओल्या गादीसारखी लोंबत होती. आरशात स्वतःला पाहिलं आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. माझं पोट ज्या ओठांवर चालतं, ते ओठ एका बाजूला माझे राहिले नव्हते. मी ‘प’ म्हणू शकत नव्हतो. बायकोला ‘हुष्पा’ म्हणत होतो.

आणि डावा डोळा मिटत नव्हता. पापणी मिटायची तर एकच मिटायची, उजवी. समोरच्याला वाटायचं, हा माणूस डोळा मारतो. पहिल्या सकाळी तपासायला आलेल्या सिस्टरला मी नकळत दोनदा मारला. ती कडक नजरेनं बघून गेली. शेजारच्या खाटेवर वणीकडचे एक आजोबा होते. त्यांच्या म्हातारीनं शेवटी आमच्यामधला पडदा ओढून घेतला. दुपारी मामाजी भेटायला आले. पायाशी उभं राहून गंभीरपणे म्हणाले, “देवानं वाचवलं, जावईबुवा.” मी त्यांना डोळा मारला.

मामाजी दचकले. पुष्पाकडे पाहिलं.

“ते डोया मारत नाई, बाबा,” पुष्पा म्हणाली, “मिटूनच नाई राह्यला.” हे बोलताना तिचा स्वतःचा आवाज फुटला आणि ती हसायला लागली. मग मामाजी हसले. पडद्यामागून आजोबाही हसले. मीही हसलो, अर्ध्या तोंडानं. आता हसायची परवानगी होती.

घरी आल्यावर रोज झोपताना ती माझ्या डाव्या डोळ्यात मलम घालायची, पापणी बोटानं खाली ओढायची आणि वरून चिकटपट्टी लावायची. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं मला एवढं जवळून कधी पाहिलं नसेल. एकदा पट्टी लावता लावता म्हणाली, “जीपमधी म्या तसं बोलायले नव्हतं पाहिजे.” मी काही बोलायच्या आत तिनं दिवा बंद केला.

गाल फुगवा

चेहऱ्याचे व्यायाम शिकवले होते. भुवया वर, नाक आक्रसा, गाल फुगवा, ओठ मिटून शीळ घाला. आरशासमोर एकट्यानं करायचे. माझ्याकडून व्हायचे नाहीत आणि मग दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही. पुष्पानं चार दिवस हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी मला अंगणवाडीत नेऊन बसवलं. व्यायामाचं तिनं गाणंच केलं होतं. सगळी पोरं रांगेत बसून भुवया उडवत होती, नाकं मुरडत होती, गाल फुगवत होती. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करत होती. एक चिमुरडी माझ्या डाव्या गालात बोट खुपसून म्हणाली, “काकाचा हा गाल झोपला हाय.” तिच्या आईनं तिला ओढलं, पण ती बरोबर बोलली होती. आजाराचं एवढं सोपं वर्णन डॉक्टरांनीही केलं नव्हतं.

ज्यांचा चेहरा असा पडलाय त्यांना मी एवढंच सांगीन की आरशासमोर एकटं बसू नका. कोणाला तरी सोबत तोंडं वाकडी करायला लावा.

कितीतरी महिने काहीच हललं नाही. मग एके दिवशी चहा बाहेर आला नाही. मग ‘पुष्पा’ नीट म्हणता आलं. तिनं मुद्दाम ऐकू न आल्यासारखं केलं आणि चार वेळा म्हणायला लावलं. मॅडमनी परवानगी दिली तेव्हा ट्रंपेट काढलं. पहिला सूर असा निघाला की गोठ्यातला रेडा बरा. पेढ्या उठून अंगणात गेला. मी मात्र अर्धा तास तोच सूर काढत बसलो.

तेवढ्यात एक नवीनच सुरू झालं. लिंबाचं लोणचं खाल्लं की डाव्या गालावरून पाणी गळायचं, घामाचं. परत भीती. मॅडम म्हणाल्या, काही नाही, लाळेच्या ग्रंथीच्या बारीक नसा परत वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळल्या आहेत. जेव्हा तोंडाला पाणी सुटायचं, तेव्हा आता गालाला घाम सुटेल. चवीनं, वासानं, कधी नुसत्या विचारानंही. धोका काही नाही, रुमाल ठेवा जवळ.

वणी

इम्रानची वरात वणीला गेली ती भर दुपारी. कोळशाचे ट्रक एका बाजूनं जात होते आणि दुसऱ्या बाजूनं आम्ही. मी आधीच सांगून ठेवलं होतं, दोनच गाणी वाजवीन, उरलेली क्लॅरिनेटवर घ्या. सलीमभाई नवरदेवाचा बाप, नवी शेरवानी घातलेला, पण क्लॅरिनेट त्यानं सोडलं नव्हतं. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. मी ट्रंपेट ओठाला लावलं. डावा कोपरा थोडा सुटत होता, तिथून हवा निसटत होती. ते फक्त मला आणि सलीमभाईला कळत होतं. तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि जिथं माझा सूर विरत होता तिथं आपला भरत गेला. दोन म्हणता म्हणता आम्ही पाच गाणी वाजवली. शेवटच्या गाण्याला तो वाजवत नव्हता. क्लॅरिनेट काखेत धरून नुसता उभा होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याला डोळा मारला. या वेळी मुद्दाम.

मग जेवण. माझ्यासाठी आणि पुष्पासाठी सलीमभाईनं वेगळा स्वयंपाक करवला होता, वरण, भात, वांग्याची भाजी, जिलेबी, मांडवाच्या एका कडेला वेगळं टेबल. आम्ही बसलो. पलीकडे मोठ्या देगेचं झाकण निघालं आणि वाऱ्यासोबत बिर्याणीचा वास सरळ आमच्या टेबलावर आला.

मी वरण-भात कालवत होतो. मान खाली. चेहरा अगदी निर्विकार ठेवला होता, हे मला इतक्या वर्षांत चांगलं जमतं. पण डाव्या गालावर गार लागलं. एक थेंब हनुवटीवरून ताटात पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

पुष्पा बघत होती. आधी माझ्या गालाकडे, मग देगेकडे, मग परत गालाकडे.

“म्या खाल्लं नाई,” मी म्हटलं.

“माहीत हाय.” तिनं हातातला घास ताटात ठेवला. “इतके वर्स असंच होत होतं काय तुमाले? आतून?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. गाल बोलतच होता.

“हो.”

“मले वाटे, तुमाले आता आवडतच नाई.”

“तुले तसंच वाटावं म्हणून तर.”

तिनं पदराचं टोक घेतलं आणि माझा डावा गाल पुसला. परत ओला झाला, परत पुसला. आजूबाजूला माणसं होती, पण तिनं पर्वा केली नाही. मग आपलं ताट उचलून म्हणाली, “चला, तिकडं बसू. इथं वारा अंगावर येते.”

“राहू दे,” मी म्हटलं. “इथंच बरं हाय.”

ती परत खाली बसली. मला आणखी थोडा भात वाढला आणि पदर हातात तयार धरून ठेवला.